वाटीतली हवा

कोथिंबीर वडीच्या कृतीत लिहिलेलं असतं, 'दोन वाट्या चिरलेली कोथिंबीर'. मंडईत कोथिंबीर मिळते जुडीने. घरपोच भाजी देणाऱ्या ॲपवर ती असते '१०० ग्रॅम', आणि ते मुळांसकट की मुळांशिवाय हे पिशवी उघडल्यावरच कळतं. मधला हिशेब ज्याचा त्याने करायचा. ज्यांचा हात बसलाय ते नजरेने करतात. ज्यांचा अजून बसायचाय ते गुगलला विचारतात, 'एक कप कोथिंबीर म्हणजे किती ग्रॅम?' तिथे कुणी १६ सांगतं, कुणी ४०, कुणी ६०. यातलं कुणीच खोटं बोलत नसतं, हीच खरी अडचण.

अमेरिकेच्या कृषी खात्याचं अन्नघटकांचं कोष्टक जगभरचे लोक वापरतात. त्यात पाव कप कोथिंबिरीच्या पानांचं वजन ४ ग्रॅम दिलंय, म्हणजे कपाला १६. त्याच कोष्टकात चिरलेली पार्सली मात्र कपाला ६० ग्रॅम. दोन्ही एकाच कुळातल्या, पानांची ठेवणही जवळपास तीच, मग फरक जवळजवळ चौपट कसा? तर एकीची पानं अख्खी मोजलीत आणि दुसरीची चिरून. बेझिलपाशी (इटालियन स्वयंपाकातली, तुळशीच्या जातीची पानं) हे आणखी स्पष्ट होतं, कारण तिथे दोन्ही आकडे शेजारी शेजारी आहेत: अख्खी पानं पाव कपाला ६ ग्रॅम, चिरलेली दोन टेबलस्पूनला ५.३ ग्रॅम. दोन टेबलस्पून म्हणजे कपाचा आठवा हिस्सा. म्हणजे अख्ख्या पानांचा कप २४ ग्रॅमचा आणि चिरलेल्यांचा ४२ ग्रॅमचा. झाड तेच, फक्त मधे सुरी फिरली. पुदिन्याचं तर बघायलाच नको. कोष्टकात त्याचे दोन प्रकार आहेत, स्पिअरमिंट आणि पेपरमिंट. दोन टेबलस्पूनला पहिल्याचं वजन ११.४ ग्रॅम आणि दुसऱ्याचं ३.२. पुदिन्याच्या दोन जातींत साडेतीनपट फरक असूच शकत नाही. एकाने चमचा दाबून भरला असणार आणि दुसऱ्याने नुसता टेकवला असणार.

बाजारात मिळणारा मेजरिंग कप २४० मिलिलिटरचा असतो. तो १६ ग्रॅम पानांनी भरला असेल, तर आत नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच आहे. पाला वाटीने मोजताना आपण मुख्यतः ही हवा मोजत असतो. ती किती राहील हे कसं चिरलं, किती दाबलं आणि भाजी कधीची आहे, यावर ठरतं.

चिरण्याचा परिणाम उघड आहे, पण तोही हत्यारागणिक बदलतो. विळीवर जुडी मुठीत घट्ट धरून चिरली की लांबट, तिरके तुकडे पडतात, ते वाटीत एकमेकांवर आडवेतिडवे बसतात आणि मधे पोकळी राहते. धारदार सुरीने बारीक चिरलेली कोथिंबीर जास्त मावते. दोरी ओढायच्या चॉपरमध्ये फिरवली तर पानं चिरण्याऐवजी चेचली जातात, रस सुटतो, तुकडे ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि त्याच वाटीत भसाभस मावतात. अशा वाटीत सुरीने चिरलेल्या सैल वाटीच्या दीडपट माल सहज असतो. म्हणून कृतीत 'एक वाटी कोथिंबीर, चिरून' लिहिलंय की 'एक वाटी चिरलेली कोथिंबीर', हेही बघायला हवं. आधी मोजून मग चिरली, तर निम्म्याहून कमी पडते.

ताजेपणाची बाजू लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. पेशींमध्ये पाणी भरलेलं असतं तोवर पान ताठ असतं. ताठ पानं वाटीत एकमेकांना ढकलून जागा करून राहतात, बोटाने दाबली तरी परत उसळतात. फ्रीजमध्ये तीन दिवस पडलेल्या जुडीतलं पाणी उडालेलं असतं, पानं लोळागोळा होतात आणि वाटीत मुकाट बसतात. म्हणजे शिळ्या जुडीचं एकूण वजन घटलेलं असतं, पण तिची एक वाटी भरली तर ती ताज्या वाटीपेक्षा जड निघते.

या बाबतीत 'मूठभर कोथिंबीर' हे माप मला वाटीपेक्षा भरवशाचं वाटतं. ऐकायला उलटं वाटेल, पण मूठ वळली की आतली बरीच हवा निघून जाते, आणि एकच माणूस दर वेळी साधारण तेवढ्याच जोराने मूठ वळतो. वाटी स्वतः काही दाबत नाही. ती दाबणारा हात आज घाईत असतो, उद्या निवांत. मुठीचा दोष एवढाच की ती दुसऱ्याला उसनी देता येत नाही. आजीची मूठ आणि नातवाची मूठ वेगळी, त्यामुळे आजीच्या वहीतलं माप नातवाला लागू पडत नाही.

चिपटं, मापटं, शेर, पायली ही आपली जुनी मापंही आकारमानाचीच होती: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. पण ती होती धान्याला. ज्वारी कुणीही ओतली तरी दाणे साधारण सारखेच बसतात, आणि तरीही माप सपाट की शिगोशीग हे सांगावं लागायचं. पाल्याला कुणी पायली लावली नाही. तो जुडीनेच विकला गेला आणि अजूनही विकला जातो. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचे भाव दहा किलोवर निघतात आणि कोथिंबीर, मेथी, शेपूचे शेकडा जुड्यांवर. पाला आकारमानात मोजायचा हट्ट फक्त पाककृती लिहिणाऱ्यांचा. बाजाराने तो कधीच धरला नाही.

मग करायचं काय? वजनकाटा घ्यायचा, आणि आपल्या घरच्या वाटीचा, आपल्या हाताचा आकडा एकदाच काढून ठेवायचा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा किचनचा काटा पुरतो.

सुरुवात वाटीपासून. काट्यावर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि वाटी काठापर्यंत पाण्याने भरायची. जितके ग्रॅम दिसतील तितक्या मिलिलिटरची वाटी. आमटीची वाटी आणि भाजीची वाटी एकाच सेटमधल्या असूनही सारख्या भरत नाहीत. कुणाची १२० भरते, कुणाची १८०, आणि पूर्वी स्वयंपाकघरात असायची ती पितळी मोठी वाटी २०० च्या पुढे जाते. परदेशी कृती वाचत असाल तर तिथेही एकवाक्यता नाही. अमेरिकी कप २३६.६ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून तर २० मिलिलिटरचा, बाकी बहुतेक ठिकाणी १५. आपला पोह्याचा चमचा यातल्या कशातच बसत नाही. त्यालाही पाण्याने मोजून घ्यावं.

त्यानंतर पाला. नीट करायचा, धुवायचा आणि कोरडा करायचा. ही शेवटची पायरी गाळली की पुढचं सगळं चुकतं. धुतलेल्या कोथिंबिरीच्या पानापानात पाणी अडकतं. चाळणीत नुसती झटकून काट्यावर ठेवली, तर तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं पाणी आपण कोथिंबीर म्हणून मोजतो. चाळणीत अर्धा तास उभी करायची, मग सुती कापडावर पसरून वरून दुसरं कापड हलकं दाबायचं. बोट लावल्यावर थेंब लागायला नको. घाई असेल तर उलट करायचं. नीट केलेली कोथिंबीर कोरडी असतानाच तोलायची, आकडा लिहून ठेवायचा, मग धुवायची. माती फार असेल तरच फरक पडेल.

आता नेहमीसारखी चिरायची, वाटीत न दाबता भुरभुरत भरायची, काठावरून सपाट करायची आणि तोलायची. मग चमच्याच्या पाठीने दाबून, वर आणखी भरून पुन्हा तोलायची. एका वाटीचे दोन आकडे मिळाले, सैल आणि दाबून. कृतीत काहीच लिहिलेलं नसेल तर दोन्हींच्या मधला धरावा.

काट्याची एक खोड माहीत असावी. बहुतेक स्वस्त काटे शून्याजवळची बारीक हालचाल आपोआप शून्यच धरतात, म्हणजे बोट निघाल्यावर आकडा लटपटत नाही. पण त्यामुळे कढीपत्त्याचं एकेक पान टाकत गेलात, तर दहा पानं पडली तरी काटा शून्यच दाखवू शकतो. हलक्या मालाला वजाबाकी बरी. अख्खी जुडी भांड्यासकट काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, आणि लागेल तेवढा पाला एकदम काढून घ्यायचा. काटा उणे १२ दाखवेल, म्हणजे हातात १२ ग्रॅम. पाच ग्रॅमच्या आत काट्यावर भिस्त ठेवूच नये. तिथे पानं मोजावीत.

२४० मिलिलिटरच्या कपासाठी ढोबळ आकडे सांगायचे तर कोथिंबिरीची अख्खी पानं सैल १६ ते २० ग्रॅम, मध्यम चिरून सैल ३० ते ३५, कोवळ्या देठांसकट बारीक चिरून सैल ४० ते ४५, आणि तीच दाबून ६० च्या आसपास. पुदिन्याची पानं सुरकुतलेली, त्यामुळे सैल कपात २० ते २५ च भरतात. चिरून हलकी दाबली की दुप्पट. शेपूच्या अख्ख्या तुऱ्यांचा कप जेमतेम ९ ग्रॅमचा, बारीक चिरल्यावर ३० ते ४०. कढीपत्त्याची देठावरून काढलेली पानं २० ते २५ ग्रॅम, पण कढीपत्ता कपाने कुणी मोजू नये. त्याच्या एका डहाळीला बारा ते वीस पानं असतात आणि वजन दोन-तीन ग्रॅम. फोडणीला एक डहाळी, बास. चिरलेल्या पातीच्या कांद्याचा कप १०० ग्रॅमचा होतो, कारण त्यात पांढरा कांदाही असतो. हे आकडे दिशा दाखवायला आहेत. तुमच्या सुरीचे तुम्ही काढा.

जुडीपासून नीट केलेल्या पाल्यापर्यंतची घट हा वेगळाच विषय आहे, आणि खरेदीच्या वेळी तोच लागतो. पुण्यात कोथिंबीर बहुतेक मुळांसकट येते. मुळं, खालचे जून देठ, पिवळी पानं आणि माती गेली की कोवळ्या देठांसकट साधारण ६० ते ७० टक्के उरते. नुसती पानंच खुडली तर ४५ टक्क्यांच्या आसपास. कोवळे देठ टाकून द्यायची पद्धत मला समजत नाही. वास पानांइतकाच त्यांच्यातही असतो, आणि वाटणात तर ते ओळखूही येत नाहीत. मेथीची फक्त पानं घेतली तर निम्मी जुडी कचऱ्यात जाते. पुदिन्याचे देठ मात्र खरंच काढावेत, ते दोरीसारखे असतात आणि वाटले तरी तोंडात येतात. तिथेही निम्मंच हाती लागतं.

ऋतूही इथे लुडबुड करतो. पावसाळ्यातली जुडी हातात जड लागते, पण त्यात पाणी आणि चिखल जास्त, आणि दुसऱ्या दिवशी मधली पानं काळी पडून चिकट होतात. उन्हाळ्यात जुडी बारीक होते, भाव चढतो आणि झाड लवकर फुलावर येतं. मग पानं शेपूसारखी चिरटी होतात आणि वासही बदलतो. थंडीतली कोथिंबीर सगळ्यात चांगली. 'पाच जुड्या' या मापाला म्हणूनच महिना जोडल्याशिवाय अर्थ नाही. जानेवारीतल्या पाच जुड्या आणि मे महिन्यातल्या पाच यांत दुपटीचा फरक पडू शकतो.

हे सगळं प्रत्येक पदार्थाला करायचं का? मुळीच नाही. पोह्यांवर, मिसळीवर, मसालेभातावर भुरभुरायला कोथिंबीर तोलणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याकडे जेवायला जाणार नाही. वजन लागतं ते पाला पदार्थाचा वरचा साज नसून अंग असतो तिथे. उदाहरणार्थ, कोथिंबीर वडी.

दोन कप कोथिंबीर, एक कप बेसन, असं प्रमाण बऱ्याच कृतींत असतं. चाळलेल्या बेसनाचा कप ९२ ग्रॅमचा. डब्यात कप खुपसून भरला तर तो १२० पर्यंतही जातो, पण ते सोडा, ९२ च धरू. आता दोन कप कोथिंबीर म्हणजे अख्खी पानं सैल भरली असतील तर ३५ ग्रॅम, बारीक चिरून सैल ८५ आणि चिरून दाबलेली १२०. एकाच कृतीतून एकीकडे बेसनात तिप्पट कमी कोथिंबीर असलेली पिवळी, कोरडी, घशात अडकणारी वडी होते, आणि दुसरीकडे हिरवीगार, खुसखुशीत. कृती लिहिणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्याने फक्त दाबायचं सांगितलं नव्हतं.

वजनात सांगायचं तर १०० ग्रॅम बेसन, १५ ग्रॅम तांदळाची पिठी आणि बारीक चिरलेली कोरडी कोथिंबीर १२५ ग्रॅम. कोथिंबीर आणखी वाढवता येते, पण दीडशेच्या पुढे वडी कापताना सुटू लागते. मीठ ४ ग्रॅम, म्हणजे चहाचा पाऊण चमचा होत नाही. हे मीठ आधी कोथिंबिरीला चोळून दहा मिनिटं ठेवावं. तिचं स्वतःचं पाणी सुटतं, आणि किती सुटलं ते दिसतं. मग हळद, तिखट, तीळ, आलं-लसूण-मिरची आणि पिठं घालून कालवायचं, आणि त्यानंतरच पाणी. उंडे वळून उकडायचे असतील तर ४५ ते ५० मिलिलिटर पुरतं. थाळीत थापून उकडायचं असेल तर १०० पर्यंत. पाणी शेवटी घालण्याचं कारण उघड आहे: कोथिंबीर ओली राहिली असेल तर तेवढं पाणी आधीच आत आलंय. ते न बघता पाणी ओतलं की पीठ सैल होतं, मग वरून बेसन भुरभुरलं जातं, आणि प्रमाण पुन्हा बेसनाकडे झुकतं. वाफ पंधरा ते वीस मिनिटं, सुरी घालून कोरडी निघेपर्यंत. गरम असताना कापू नये, पूर्ण गार झाल्यावर कापली तर कडा सरळ येतात.

दुसरी जागा म्हणजे पालेभाजीतलं मीठ. मेथी किंवा शेपू चिरून कढईत टाकला की कढई काठोकाठ भरते, आणि नजर त्या ढिगाच्या बेताने मीठ टाकते. पाच मिनिटांत ढीग बसतो, उरते तळाशी मूठभर भाजी आणि सगळं मीठ. इथे आकारमान चार-पाच पटींनी घटतं, वजन मात्र तितकं घटत नाही, कारण पाण्याचा बराच भाग भाजीतच राहतो. नीट केलेल्या पाल्याच्या वजनाला एक ते सव्वा टक्का मीठ धरावं. २५० ग्रॅम मेथीला अडीच ते तीन ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा. बारीक मिठाचा सपाट चमचा ६ ग्रॅमचा असतो. भाजीत मुगाची डाळ किंवा बेसन असेल तर त्याचं वेगळं मीठ वाढवायचं. तोलायचं नसेल तर भाजी पूर्ण बसेपर्यंत मिठाला हात लावू नये. मग अंदाज चुकत नाही.

हिरव्या चटणीत कोथिंबीर-पुदिन्याचं प्रमाण वाट्यांनी सांगितलं की पुदिना हमखास जास्त पडतो, कारण तो हौसेने दाबून भरला जातो. पुदिना वाढला की चटणी कडवट होते आणि थोड्या वेळाने काळवंडते. ९० ग्रॅम कोथिंबीर आणि ३० ग्रॅम पुदिन्याची पानं हे प्रमाण सँडविचलाही चालतं आणि भेळेलाही. दोन-तीन मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, ४ ग्रॅम मीठ, फ्रीजमधलं गार पाणी तीन टेबलस्पून. गार पाणी अशासाठी की मिक्सरचं पातं तापतं, आणि तापलं की रंग जातो. लिंबू वाटतानाच घालू नये. आंबटाने पानांतलं हिरवं द्रव्य हळूहळू शेवाळी होतं, म्हणून वाढण्याआधी लागेल तेवढ्याच चटणीत पिळावं.

आणि एकदा वाटलं की हा सगळा घोळच संपतो. वाटणात हवा राहत नाही. कोथिंबिरीत ९२ टक्के पाणीच असतं, त्यामुळे वाटलेल्या कोथिंबिरीचा एक मिलिलिटर जवळपास एक ग्रॅमचा भरतो. १०० ग्रॅम कोथिंबीर तीन टेबलस्पून पाणी घालून वाटली की दीडशेच्या आतबाहेर वाटण होतं, मग ती चिरताना कपात दोनदा भरली होती की पाचदा, काही फरक पडत नाही. मिक्सर फार वेळ फिरवला तर फेस येऊन थोडी फुगते, तेवढंच.

परदेशी कृतींत पेस्टोसाठी, म्हणजे बेझिलच्या इटालियन वाटणासाठी, 'दोन कप दाबून भरलेली बेझिलची पानं' असं असतं, ती ५० ते ६० ग्रॅम धरावीत. पुण्यात बेझिल छोट्या डब्यांतून मिळतं आणि महाग असतं, त्यामुळे किती डबे आणायचे ते आधी ठरवलेलं बरं. त्याऐवजी दारची तुळस घालू नये, तिचा लवंगेसारखा वास पेस्टोत बसत नाही.

कार्यालयातल्या पंक्तीच्या याद्यांमध्ये हा हिशेब वेगळ्याच तऱ्हेने फसतो. चार माणसांना अर्धी वाटी, तर शंभरांना साडेबारा वाट्या, असा गुणाकार लोक करतात. पण शंभर माणसांची चिरलेली कोथिंबीर मोठ्या पातेल्यात पडली की स्वतःच्याच भाराने खाली दबते, आणि तळातून घेतलेली वाटी वरच्या वाटीपेक्षा जड असते. भुरभुरायला माणशी, पदार्थामागे ३ ग्रॅम भरपूर होते. तीन पदार्थांवर घालायची तर शंभर माणसांना ९०० ग्रॅम नीट केलेली, म्हणजे बाजारातून आणताना सुमारे १ किलो ४०० ग्रॅम. जुड्या किती, ते त्या दिवशी एक जुडी तोलून ठरवावं. भाजीवाल्याकडे काटा असतोच, एक जुडी ठेवून बघायला तो नाही म्हणत नाही.

वाळवलेल्या पाल्याला 'तीन चमचे ताज्याऐवजी एक चमचा वाळलेला' हा नियम सांगितला जातो. तो फक्त चमच्यांचा आहे, वजनाला लावू नये. १०० ग्रॅम कोथिंबीर वाळवली तर हातात आठ-नऊ ग्रॅम येते, म्हणजे वजनात फरक दहा-बारा पटींचा. शिवाय कोथिंबिरीचा वास ज्या द्रव्यांचा असतो ती वाळवताना उडून जातात, मागे राहतो नुसता हिरवा चुरा. कढीपत्ताही वाळून बराच फिका पडतो. मेथी आणि पुदिना मात्र वाळूनही वास धरून ठेवतात, म्हणून कसुरी मेथी विकत मिळते आणि 'कसुरी कोथिंबीर' कुणी विकत नाही. कसुरी मेथीचा टेबलस्पून चुरल्यावर जेमतेम एक-दीड ग्रॅमचा असतो.

स्वस्ताईच्या दिवसांत कोथिंबीर साठवायची असेल तर वाटून बर्फाच्या साच्यात गोठवावी. साच्याचा एक खण बहुतेक १५ मिलिलिटरचा असतो, पण पाणी भरून खात्री करून घ्यावी. १०० ग्रॅम कोथिंबीर दोन टेबलस्पून पाण्यात वाटली तर एका खड्यात साधारण ११ ते १२ ग्रॅम कोथिंबीर बसते. गोठल्यावर खडे पिशवीत काढून पिशवीवर तोच आकडा लिहावा. रस्सा, उसळ, हिरवा मसाला यांना ते थेट टाकता येतात. वडीला चालत नाहीत, वितळल्यावर पाणी सुटतं.